टाकीतला पाव्हणा

या लेखात मला एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. वडशाच्या बाजारामागे एक वस्ती आहे. काही वर्षे तिथे असे घडत असे की, संध्याकाळी भारनियमन सुरू झाले म्हणजे सारे गाव काळोखात बुडे आणि या वस्तीतल्या घराघरांत मात्र एकेक दिवा लागे. तो दिवा कशावर लागत होता?

याबाबत गावात तीन मते आहेत. पहिल्या मताप्रमाणे तो बाजारातल्या सडक्या भाजीपाल्यावर लागत होता. दुसऱ्या मताप्रमाणे तो गुपचूप ओतलेल्या डिझेलवर लागत होता. तिसऱ्या मताला स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर आजही बहुमत मिळते. ते असे की, तो दिवा गफूरभाऊंच्या तोंडावर लागत होता. एवढे बोलणाऱ्या माणसाला वेगळ्या इंधनाची गरजच काय? मी त्या गावच्या शाळेत बरीच वर्षे शास्त्र शिकवले आणि गफूरभाऊंच्या शेजारी, त्याच वस्तीत, राहिलो. तेव्हा उत्तर देण्याची जबाबदारी माझ्याकडे येते. मात्र पदार्थाचे गुणधर्म ठाऊक नसताना त्याच्यावरचा प्रयोग समजत नाही, असे मी वर्गात सांगत असे. म्हणून आधी गुणधर्म पाहू.

गफूरभाऊ शेख हे इंजिनमिस्त्री होते. धानाच्या गिरण्यांची इंजिने, शेतावरचे पंप, आणि हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांचा मोसम आला की मंडपाचे दिवे व जनरेटर, असा त्यांचा व्यवसाय. उंची बेताची, मान आखूड आणि उजवा कान इतर सर्व अवयवांपेक्षा अधिक शिकलेला. पेचकसाचे, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचे, टोक चालत्या इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटत, आणि मग आत काय बिघडले आहे ते सांगत. ते बहुधा बरोबर असे. अडचण एवढीच की, या यशामुळे जगातील सर्वच वस्तूंना पेचकस लावण्याची त्यांना सवय जडली होती. मी एकदा तापाने पडलो असताना ते भेटायला आले, माझ्या छातीला पेचकस लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "गुरुजी, आवाज जड येऊन राह्यला. आइल बदला." मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खोकल्याचे औषध बदलून दिले. आपले निदान डॉक्टरने मान्य केले, ही वार्ता त्याच संध्याकाळी स्टेशनापर्यंत पोचली.

दुसरा गुणधर्म असा की, त्यांच्या हातून कधीही अपघात होत नसे. जे होई ते त्यांनी मुद्दामच केलेले असे. एका नाटकात पहिल्याच अंकात खलनायकाला गोळी लागली आणि नेमक्या त्याच क्षणी जनरेटर बंद पडला. पुन्हा उजेड आला तेव्हा मृत खलनायक उठून बसला होता आणि त्याला गोळी घालणारा इन्स्पेक्टर त्याच्या तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवीत होता. प्रेक्षकांनी हे दृश्य पुन्हा दाखवण्याची मागणी केली. कंपनीचे मालक धावत गफूरभाऊंकडे आले. गफूरभाऊ हात पुसत म्हणाले, "मानूस मेला त अंधार पायजे का नाई? मी बराबर केला जी. आता तुमच्या मानसाले मरता येत नाई, त्याले मी काय करू?"

तिसरा गुणधर्म सर्वांत महत्त्वाचा, कारण पुढचा सारा प्रसंग त्याच्यावर अवलंबून आहे. गफूरभाऊंच्या दारावरून कोणी उपाशी जाऊ शकत नसे. आणि जो जेवून आला असेल तोही जाऊ शकत नसे. आग्रह हा त्यांचा धर्मच होता, आणि त्यांच्या पत्नी खैरूनभाभी तो धर्म मोठ्या सहनशीलतेने चुलीपाशी पाळीत. माझ्यासारख्या शाकाहाऱ्यांसाठी त्यांनी एक भांडे कायमचे वेगळे ठेवले होते. शाळेचा पाण्याचा पंप दुरुस्तीला दिला होता, त्याची चौकशी करण्यासाठी मुख्याध्यापकांनी मला एकदा सकाळी पाठवले. मी दुपारी परतलो. त्यांनी विचारले, "पंपाचे काय झाले?" मी सत्य तेच सांगितले, "वांग्याची भाजी फार उत्तम होती." त्यानंतर मुख्याध्यापक स्वतः गेले. तेही दुपारीच परतले. पंप तिसऱ्या खेपेला मिळाला.

आता प्रयोगाकडे वळतो.

आमच्या वस्तीच्या पाठीशी गुजरी भरत असे, म्हणजे रोजचा भाजीबाजार, आणि आठवड्यातून एकदा मोठा बाजार. दोन्हींतून उरलेला कोबीचा पाला, फुटके टमाटर, नासकी वांगी हे सगळे पालिकेच्या मालकीच्या एका मोकळ्या जागेत पडे, आणि ती जागा आमच्या परसदारांना लागून होती. दक्षिणेचा वारा सुटला की आम्ही खिडक्या लावून घेत असू. त्यातच भारनियमन आले. खिडकी उघडावी तर दुर्गंधी आणि लावावी तर उकाडा, अशी संध्याकाळची व्यवस्था झाली.

एके दिवशी गफूरभाऊ नदीकाठच्या एका गावातून पंप दुरुस्त करून आले आणि त्यांनी आपल्याला सुचलेली एक अपूर्व कल्पना सांगितली. बाजाराचा कचरा टाकीत सडवायचा, त्याचा गॅस इंजिनात सोडायचा आणि विजेचे दिवे लावायचे. "हे माह्या डोक्यातून निघालं गुरुजी. रस्त्यात येता येता निघालं." त्या गावातल्या एका शेतकऱ्याकडे गोबरगॅसवर इंजिन चालते, हे मला ठाऊक होते, आणि ते गफूरभाऊंनीच दुरुस्त केले होते. पण मूळ कल्पना शेणाची होती. तिथे कोबी घालण्याचा विचार त्यांचाच, हे मी न्यायबुद्धीने नोंदवतो.

पालिकेने ती मोकळी जागा तात्पुरती वापरू दिली. अट स्पष्ट होती. दिवाळीपूर्वी पालिकेचे साहेब स्वतः पाहणीला येतील. कचऱ्यावर वीज होते अशी त्यांची खात्री झाली तर जागा वस्तीकडे राहील. न झाली तर तिथे सगळ्या गावाचा कचरा टाकला जाईल. आधीच नुसत्या बाजाराचा वास सोसणाऱ्या वस्तीला याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

रचना साधी होती. जमिनीत विहिरीसारखा गोल हौद, त्यात शेणाचा काला आणि बारीक केलेला कचरा. आणि हौदावर पालथी घातलेली मोठी लोखंडी टोपी. आत गॅस साठला की टोपी वर उचलली जाई. तिथून नळी निघे, ती गंजक्या लोखंडाच्या किसाने भरलेल्या डब्यातून जाई, म्हणजे गॅसचा घातक भाग तिथे अडे, आणि पुढे इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या तोंडाला लागे. वाटेत एक छोटी शेगडी बसवली होती. रोज संध्याकाळी तिच्यावर चहा करून गफूरभाऊ गॅसची परीक्षा घेत, आणि त्या परीक्षेत येणारे-जाणारे सर्व सहभागी होत.

खरी अडचण यंत्रात नव्हती. लोक कचऱ्याबरोबर पन्नी टाकत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या. काच टाकत, चप्पल टाकत. पालिकेच्या सूचना झाल्या, माझे एक व्याख्यान झाले. परिणाम शून्य. मग गफूरभाऊ गुजरीत भाजी विकणाऱ्या ताराबाईंसमोर जाऊन उभे राहिले. ताराबाई वस्तीतल्या बायकांच्या पुढारी होत्या. त्यांना पटले की सगळ्यांना पटत असे.

"ताराबाई, घरी पाव्हणा आला त त्याच्या ताटात पन्नी वाढशीन का?"

"मायबाई! काऊन वाढीन?"

"मंग माह्या टाकीत काऊन टाकून राह्यली? थ्या टाकीत पाव्हणा बसला हाय. तू जे देशीन थेच थो खाते, आन् संध्याकाळी तुह्या घरी दिवा लावते."

ताराबाई हसल्या. "पाव्हणा हाय त नाव काय त्याचं?"

"पाव्हण्याले आधी नाव इचारत नसते, बाई. आधी ताट वाढा लागते."

हे वाक्य वस्तीत पसरले आणि माझ्या व्याख्यानाने जे झाले नाही ते झाले. बायका कचरा निवडून, धुऊन आणू लागल्या. "पाव्हण्याचं ताट" असे म्हणत लहान मुले सालींची टोपली घेऊन जाऊ लागली. पन्नी नाहीशी झाली. कोबीचा देठ जाड असेल तर ताराबाई तो चिरून टाकीत. "दात नाई न जी त्याले," त्या मला म्हणाल्या. टोपी रोज वर येऊ लागली, इंजिन धडधडू लागले, घरोघरी एकेक दिवा लागला. एक मशिदीसमोर आणि एक मारुतीच्या पारावरही लागला. गफूरभाऊंनी उजव्या कानाला पेचकस लावून टाकीचा आवाज ऐकला आणि "तब्येत चांगली हाय" असे जाहीर केले.

इथे मी वाचकांना थांबवून विचारतो: या उपमेत दोष कोणता? वर्गात मी हा प्रश्न विचारला असता तर कोणीतरी हात वर केला असता. आमच्यापैकी कोणालाही तो दिसला नाही.

त्या वर्षी नवरात्र आणि रोजे एकाच आठवड्यात सुरू झाले. एकीकडे देवीच्या मंडपांत महाप्रसाद, दुसरीकडे घरोघर रोजा सोडण्याची तयारी. साहेबांच्या पाहणीचा दिवसही ठरला, आणि वस्तीला वाटले की त्या दिवशी टोपी अशी वर आली पाहिजे की साहेबांनी मान वर करून पाहावी. पाहुण्याकडून मोठे काम घ्यायचे असेल तर आमच्याकडे काय करतात? आग्रह करतात. महाप्रसादाचा उरलेला भात आला. बुंदी आली, भोपळ्याची भाजी आली, उपासाचा साबुदाणा आला. प्रत्येक घराला वाटत होते की जास्तीचे घास फक्त आपणच घालतो आहोत. ताराबाईंनी अष्टमीच्या दिवशी पुरण घातले. "सण हाय, त्याले काऊन सुकं ठेवाचं?" गफूरभाऊंनी स्वतः काय घातले, हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितले नाही, पण खैरूनभाभींची गोड फिरनीची पातेली त्या आठवड्यात लवकर रिकामी होत होती.

टोपी अशी वर आली की वस्ती पाहायला जमली. गफूरभाऊ छाती काढून उभे होते. "पोट पाहून राह्यले न? पाव्हणा जेवला म्हणजे असा जेवला पायजे." मग त्यांनी शेगडीचा कॉक उघडून काडी लावली. काडी विझली. दुसरी लावली, तीही विझली. तिसऱ्या काडीला फुस्स असा आवाज झाला आणि आंबलेल्या भाताचा वास सुटला.

"हवा हाय," गफूरभाऊ म्हणाले. "मी मुद्दाम हवा सोडली आधी," त्यांनी पुस्ती जोडली. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

खैरूनभाभी पदर नाकाला लावून आल्या, एकदा हुंगले आणि म्हणाल्या, "अजीर्ण झालं त्याले."

"टाकीले कुठी अजीर्ण होत असते?"

"ईदीच्या दुसऱ्या दिवशी तुमाले होते न, थेच. पोट फुगलं, कामाचं काई नाई. उपाशी ठेवा."

मी शाळेतून लिटमस कागद आणला. निळा कागद काल्यात बुडवताच लाल झाला. आत आम्ल माजले होते. याचे कारण थोडक्यात सांगतो. टाकीत जंतूंच्या दोन पंगती बसतात. पहिली पंगत अन्नाचे आम्ल करते, आणि दुसरी त्या आम्लाचा जळणारा वायू करते. पहिली पंगत फार भरभर जेवते, दुसरी सावकाश. भात, साखर, पुरण असे मऊ अन्न एकदम वाढले की पहिली पंगत सुटते, आम्लाचा पूर येतो आणि दुसरी पंगत ताटावरून उठून जाते. वायू तेव्हाही होतो, टोपीही वर येते. पण तो दिवा विझवणारा वायू असतो. म्हणजे वस्ती ज्या फुगलेल्या पोटाकडे अभिमानाने पाहत होती, तेच दुखणे होते.

उपाय तीन होते आणि त्यांतले दोन सोपे. चुन्याची निवळी घालणे, आणि नदीकाठच्या त्या शेतकऱ्याच्या चालत्या टाकीतला काला आणून ओतणे. ही दोन कामे दोन दिवसांत झाली. तिसरा उपाय म्हणजे टाकीला उपाशी ठेवणे. हा मात्र वस्तीला पेलवेना.

"सणाचे दिवस, आन् पाव्हणा उपाशी?" ताराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "दिवाळी तोंडावर आली जी."

"मी बी उपाशीच हावो न ताराबाई," गफूरभाऊ म्हणाले. "मी रोज्यात, थो बी रोज्यात."

"तुमी संध्याकाळी सोडता. थो कई सोडते?"

टाकीजवळ खाट टाकून गफूरभाऊ दिवसभर पहाऱ्याला बसू लागले. टोपली घेऊन येणारी मुले त्यांनी परत पाठवली. एक म्हातारे गृहस्थ खिशातून केळे काढताना पकडले गेले. ताराबाई "नुसती पाहाले आली" म्हणून आल्या आणि त्यांच्या ओच्यातून साखरेचा लाडू निघाला. गफूरभाऊंनी तो हात जोडून परत केला. मी हे सर्व अंगणातून पाहत होतो आणि मनात म्हणत होतो की या माणसात असा निग्रह असेल असे कधी वाटले नव्हते. तेवढ्यात खैरूनभाभींचा आवाज आला, "गुरुजी, जरा इकडं या. यायच्या हातात काय हाय पाहा."

गफूरभाऊंच्या हातात वाटी होती. वाटीत चण्याची उसळ होती.

"चार दानेच हाय," ते म्हणाले. "त्याचा आवाज लय बारीक येऊन राह्यला गुरुजी. मी कान लावून ऐकलं."

त्या दिवसापासून पहारेकऱ्यावर पहारा बसला. सकाळी खैरूनभाभी, दुपारनंतर शाळा सुटली की मी.

पाहणीचा दिवस जवळ येत होता. टोपी खाली बसली होती आणि वर येण्याचे नाव घेत नव्हती. रोज मी निळा कागद बुडवी, रोज तो लाल होई. मग जरा कमी लाल, मग जांभळट. गफूरभाऊंचे बोलणे कमी झाले. हे लक्षण वस्तीला टाकीच्या दुखण्यापेक्षा गंभीर वाटले. स्टेशनावरच्या टपरीत लोक विचारू लागले, "काय गा, गफूरभाऊची तब्येत बरी हाय न?" एकदा ते मला हळूच म्हणाले, "गुरुजी, जागा गेली त माह्यामुळे जाईन. पाव्हणा हाय म्हणून मीच सांगितलं होतं सगळ्याईले." मी पहिल्यांदाच त्यांना एखादी गोष्ट मुद्दाम न केल्याचे कबूल करताना ऐकले.

मग एके दिवशी कागद निळाच राहिला. टोपी वीतभर उचलली होती. उन्हे कलली असताना गफूरभाऊंनी शेगडीचा कॉक उघडला, काडी लावली, आणि निळी ज्योत उभी राहिली. खैरूनभाभींनी चहाचे भांडे ठेवले. चहा उकळला. सूर्य अजून मावळायचा होता, म्हणून गफूरभाऊ तो पिऊ शकत नव्हते. ते कप हातात धरून बसले आणि वाफ विरेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिले.

साहेब आले ते रोजा सुटण्याच्या वेळी. पोशाख साधा, बोलणे नेमके. स्वतः शास्त्र शाखेचे पदवीधर. वीज गेली, इंजिन सुरू झाले, दिवे लागले. वस्ती टाळ्या वाजवणार तोच साहेबांनी इंजिनाकडे बोट दाखवले.

"डिझेल बंद करा."

गफूरभाऊंनी माझ्याकडे पाहिले. हा प्रश्न येणार हे आम्हाला समजायला हवे होते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. गॅस कितीही असला तरी तो पेटवण्यासाठी थोडे डिझेल आत जावेच लागते, जसे चुलीत लाकडे असली तरी काडी लागते. ते बंद केले की इंजिन थांबणार. मी हे साहेबांना समजावून सांगितले.

"म्हणजे डिझेल बंद केले तर दिवे जातात," साहेब शांतपणे म्हणाले. "मग हे दिवे डिझेलवर लागतात, असे मी का म्हणू नये?"

तर्क चुकीचा नव्हता. ताराबाईंनी मारुतीच्या पाराकडे पाहून हात जोडले. गफूरभाऊंनी पेचकस उचलला आणि कानाला न लावताच खाली ठेवला.

साहेबांनीच थोडा विचार केला. इंजिनशेजारी खुंटीला सलाइनची रिकामी बाटली लटकत होती. दुरुस्तीला आलेली लहान इंजिने तपासताना मिस्त्री लोक टाकीऐवजी तिच्यातून डिझेल सोडतात. "हीच बाटली लावा," साहेब म्हणाले. "काठोकाठ भरा. आधी गॅस बंद ठेवून चालवा, मग गॅस सोडून. दिवे दोन्ही वेळा तेवढेच. बाटली किती टिकते ते पाहू." हा प्रयोग मला सुचायला हवा होता, तो साहेबांना सुचला, याबद्दल त्यांचे श्रेय त्यांना.

गॅस बंद करून इंजिन चालू केले. तेवढ्यात अजान झाली. खजूर वाटले गेले, गफूरभाऊ पाणी प्यायले, त्यांनी साहेबांना खाटेवर बसवले आणि पालकाच्या भज्यांचे ताट पुढे आले. साहेबांनी दुसरे भजे उचलले आणि दिवे फडफडून विझले. बाटली संपली होती.

बाटली पुन्हा भरली. या वेळी गफूरभाऊंनी गॅसचा कॉक पूर्ण उघडला, पेचकस कानाला लावला, डोळे मिटले आणि मान हलवली. मग ते साहेबांकडे वळले. त्यांच्यात प्राण परत आल्याचे मी पाहिले.

"आता आरामात जेवा जी."

भजी संपली, बाटली भरलेलीच दिसत होती. उसळ आली. साहेबांनी उसळ खाल्ली. गुलगुले आले. "नको," साहेब म्हणाले. "नोको कसं? बाटली पाहा न, हालली का?" गफूरभाऊंनी विचारले. साहेबांनी गुलगुला खाल्ला. ताराबाई घरून चिवडा घेऊन आल्या. फिरनी आली. साहेबांनी बाटलीकडे पाहिले. ती निम्म्यावर होती. त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच भीती पाहिली.

"मला पटले आहे," ते म्हणाले. "मी मान्य करतो."

"मान्य कराची घाई कायले साहेब? शास्त्राचं काम हाय. बाटली संपू द्या."

"अहो, खरोखर पटले आहे!"

"गुरुजीले इचारा. प्रयोग अर्धा सोडत नसते. खैरून, आन वो दुसरी वाटी."

साहेबांनी माझ्याकडे मदतीच्या आशेने पाहिले. प्रयोग अर्धा सोडू नये हे मी आयुष्यभर शिकवत आलो होतो, त्यामुळे मी बाटलीकडे पाहू लागलो. बाटली यथावकाश संपली. साहेब उठले तेव्हा त्यांना दोघांनी हात दिला. जागा वस्तीकडे राहिली.

टपरीवरचे लोक अजून म्हणतात की साहेबांनी मंजुरी कचऱ्याला दिलीच नाही, भज्यांना दिली. म्हणूनच हा लेख लिहावा लागला.

पुढे मी निवृत्त होऊन चंद्रपूरला राहायला आलो. एकदा वडशाला जाणे झाले तेव्हा सवयीने बाजारामागे गेलो. भारनियमन बरेच कमी झाले होते, पण कचरा होता, टाकी होती आणि इंजिन संध्याकाळी थोडा वेळ चालत होते. गफूरभाऊ वाकले होते. दाढी पांढरी झाली होती. त्यांच्यासमोर लग्नाच्या जेवणावळीतली हातगाडी उभी होती आणि तिच्यावर भाताचे भले मोठे पातेले. गाडीवाला बिचारा समजावत होता, "भाऊ, चांगला भात हाय. आजचाच हाय. टाकून देऊ का?"

गफूरभाऊंनी एक हात टाकीच्या टोपीवर ठेवला होता. दुसऱ्या हाताने त्यांनी पातेल्यातला भात चिमटीत घेतला, पाहिला, आणि परत ठेवला. त्यांना तो परतवणे किती जड जात होते, हे त्यांच्या ओठांवरून दिसत होते.

"गाईले ने बाप्पा," ते म्हणाले. "याले पुरे झालं आज."

गाडीवाला गेला. गाडी वळणाआड जाईपर्यंत गफूरभाऊ तिच्याकडे पाहत राहिले. हात टोपीवरच होता. मी लांबूनच परतलो, कारण मला पाच वाजताची गाडी गाठायची होती आणि हाक मारली असती तर ती मिळाली नसती. नंतरच्या हिवाळ्यात ते गेल्याचे कळले.

आता उत्तर. ते दिवे मुख्यतः कचऱ्यावर लागत होते आणि थोडे डिझेलवर. गफूरभाऊंच्या तोंडावर ते लागत नव्हते. पण त्या तोंडाशिवाय टाकीत एक पानही पडले नसते. माझ्या शब्दावर विसंबू नये. ज्यांच्या आवारात गोबरगॅस आणि शेतात डिझेलचे इंजिन आहे, त्यांनी एखाद्या जाणत्या मिस्त्रीला सोबत घेऊन, मोकळ्या हवेत, बिडी दूर ठेवून, एकाच बाटलीने दोन वेळा इंजिन चालवावे. एकदा गॅस बंद ठेवून आणि एकदा सोडून. बाटली किती टिकते ते स्वतः पाहावे, ही विनंती.